एकोणचाळिसावी चाल : सोलापुरातील एका डावाच्या नोंदीचे प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या परिसरात चालणाऱ्या एका बुद्धिबळ वर्गाने उन्हाळी सुटीत खुली स्पर्धा घेतली आणि स्पर्धेतील सर्व डाव, मग ते पहिल्या पटावरचे असोत की शेवटच्या, संगणकावर उतरवून सर्वांना खुले करण्याचे ठरवले. त्यांतील एका डावाची फाइल अधिकृत संग्रह तयार होण्याआधीच मोबाइलवरून गावभर फिरली, तिच्यातील एका अंकाच्या चुकीमुळे दोन खेळाडूंवर संगनमताचा संशय आला, आणि तो दूर करण्यासाठी दोन्ही नोंदपत्रके शेजारी ठेवून डाव नव्याने जुळवावा लागला. प्रस्तुत लेखकाकडे वर्गाच्या डावसंग्रहाचे काम असल्यामुळे हा सारा व्यवहार जवळून पाहता आला. संबंधितांची नावे येथे दिलेली नाहीत. डावाचा जो भाग वादाशी निगडित आहे तेवढाच दिला आहे.

पांढरी मोहरी खेळत होते ते यंत्रमाग कारखान्यात हिशेब पाहणारे एक दिवाणजी. हौशी खेळाडू, वय पन्नाशीच्या पुढे, मानांकन नाही. काळी मोहरी बाहेरगावाहून आलेल्या एका इंटरनॅशनल मास्टरांकडे होती. स्पर्धा मानांकनासाठी नव्हती, त्यामुळे प्रत्येकाला सरळ साठ मिनिटे, चालीगणिक वाढीव वेळ नाही, असा साधा हिशेब होता. डाव बेचाळीस चालींनंतर बरोबरीत सुटला. गावातल्या माणसाने मास्टरांना रोखले म्हणून कौतुक झाले आणि स्थानिक खेळाडूंसाठी ठेवलेले बक्षीसही दिवाणजींना मिळाले.

त्याच रात्री वर्गातील एका विद्यार्थ्याने दिवाणजींकडच्या पत्रकाचा मोबाइलवर फोटो काढला आणि अॅपमध्ये चाली भरून पीजीएन फाइल, म्हणजे डाव संगणकावर साठवण्याची प्रचलित फाइल, तयार केली. हेतू चांगलाच होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती फाइल तीन-चार व्हॉट्सअॅप गटांत पोहोचली आणि कुणीतरी तिला इंजिन, म्हणजे चाली पारखून त्यांचे मूल्य आकड्यांत सांगणारा संगणक प्रोग्रॅम, लावले. इंजिनाने दाखवले की शेवटच्या तीन चालींत काळ्याला ए४ वरचे प्यादे (पटाच्या उभ्या ओळी ए ते एच, आडव्या पट्ट्या १ ते ८, त्यांवरून घराचे नाव) फुकट मिळत होते आणि त्याने ते तिन्ही वेळा सोडून दिले. मास्टर असे का करील, हा प्रश्न आधी विचारला गेला. संध्याकाळी त्याचे उत्तरही तयार झाले होते, ते असे की बरोबरी आधीच ठरलेली असणार. दिवाणजींनी बक्षिसाचे पाकीट वर्गात आणून सरांच्या टेबलावर ठेवले. सरांनी ते परत त्यांच्या हातात दिले आणि डावाची फाइल माझ्याकडे सोपवली.

नोंद कशी होते आणि कुठे तुटते

फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमावलीतील आठवे कलम सगळे नोंदीविषयी आहे. प्रत्येक खेळाडूने स्वतःच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या चाली, एकामागून एक, शक्य तितक्या स्वच्छ व वाचनीय अक्षरांत बीजगणितीय पद्धतीने, म्हणजे मोहऱ्याचे अक्षर आणि घराचे नाव देऊन, लिहायच्या असतात. प्रतिस्पर्ध्याची चाल लिहिण्याआधी तिला उत्तर देता येते, पण आपली मागची चाल लिहिल्याशिवाय पुढची खेळता येत नाही. चाल आधी लिहून मग खेळण्याची जुन्या खेळाडूंची सवय आता नियमाने बंद आहे. बरोबरीचा प्रस्ताव आला की दोघांनीही त्या ओळीवर बरोबरचे चिन्ह काढायचे असते. पत्रके आयोजकांच्या मालकीची असतात. डाव संपल्यावर दोघांनी दोन्ही पत्रकांवर निकाल लिहून सही करायची असते, आणि पंचांनी वेगळा निर्णय दिला नाही तर तोच निकाल कायम राहतो.

या प्रकरणात महत्त्वाची ठरली ती आणखी एक तरतूद. चालीगणिक तीस सेकंद किंवा त्याहून अधिक वाढीव वेळ मिळत नसेल आणि घड्याळात पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरली असेल, तर तेथून पुढे चाली लिहिण्याचे बंधन राहत नाही. मास्टरांनी छत्तिसाव्या चालीनंतर लिहिणे थांबवले, ते नियमाला धरूनच. दिवाणजी शेवटपर्यंत लिहीत राहिले. चोपडीत ओळ मोकळी न सोडण्याचा हा त्यांच्या धंद्याचा संस्कार असावा. म्हणजे छत्तीस चालींपर्यंत डावाला दोन साक्षीदार होते आणि पुढच्या सहा चालींना एकच.

हौशी आणि नामांकित खेळाडूंच्या डावांतील खरा फरक मला येथे दिसतो. खेळाचा दर्जा हा वेगळा विषय झाला. मोठ्या स्पर्धेत पटाखालीच संवेदक असतात, मोहरे उचलून ठेवले की चाल आपोआप नोंदवली जाते, शिवाय कॅमेरा असतो, समालोचक असतात, हजारो प्रेक्षक असतात. तिथेही चुका होतात. डाव संपल्यावर निकाल कळवण्यासाठी दोन्ही राजे पटाच्या मध्यावर ठेवण्याचा प्रघात आहे आणि ते ठेवणे कधीकधी चाल म्हणूनच नोंदले जाते, त्यामुळे जिंकलेल्या डावाच्या शेवटी राजाची एखादी चमत्कारिक उडी फाइलमध्ये राहून जाते. पण अशी चूक पकडणारे डोळेही तेवढेच असतात. आमच्याकडच्या सभागृहात पटांना पंख्याचा वारा, शेजारच्या मागांचा खडखडाट आणि घामाने ओला झालेला कागद, एवढीच साथ असते. इथे डाव टिकतो तो दोन कागदांवर, आणि त्यातला एक अर्ध्यावर थांबला की सगळा भार दुसऱ्यावर येतो.

दोन प्रती, एक अंक

आमची पत्रके दोन प्रतींची असतात. वरच्या कागदावर लिहिले की खाली उमटते. वरची प्रत आयोजक ठेवतात, खालची खेळाडू घरी नेतो. विद्यार्थ्याने फोटो काढला होता तो खालच्या प्रतीचा. वरची प्रत वर्गाच्या फायलीत होती, ती काढून दोन्ही शेजारी ठेवल्या तेव्हा वादाचे मूळ सापडायला फार वेळ लागला नाही, पण ते सिद्ध करायला लागला.

आधी पटावरची स्थिती. अडतिसाव्या चालीनंतर पांढऱ्याचा राजा जी२ वर, हत्ती डी१ वर आणि प्यादी ए४, एफ२, जी३, एच२ वर होती. काळ्याचा राजा जी८ वर, हत्ती ए२ वर आणि प्यादी एफ७, जी६, एच७ वर होती. काळ्याने नुकताच हत्ती ए२ वर आणून ए४ च्या प्याद्यावर मारा धरला होता. फिरलेल्या फाइलमध्ये पुढचा भाग असा होता (येथे ह म्हणजे हत्ती, रा म्हणजे राजा, आणि मोहऱ्याचे अक्षर नसेल तर ती प्याद्याची चाल):

३९. ह डी८ शह, रा जी७
४०. एच४, एच५
४१. रा एफ१, रा एफ६
४२. रा ई१, रा ई५, बरोबरी.

वरच्या प्रतीवर दिवाणजींच्या हातचे मात्र हे होते:

३९. ह डी४, एच५
४०. एच४, रा जी७
४१. रा एफ१, रा एफ६
४२. रा ई१, रा ई५, आणि पुढे बरोबरचे चिन्ह.

दिवाणजी निवांत असताना चाली इंग्रजी अंकांत लिहितात, कारण छापील पुस्तकांत तसेच असते. घड्याळ संपत आले की त्यांचा हात रोजच्या खतावणीकडे वळतो आणि अंक देवनागरी होतात. पस्तिसाव्या चालीपासून तसेच झाले होते. देवनागरी चार घाईत काढला की त्याच्या वरच्या दोन शेंड्या जवळ येतात. खालच्या प्रतीवर उमटताना शाई पसरून त्या जुळल्या आणि तो अंक हुबेहूब इंग्रजी आठ दिसू लागला. विद्यार्थ्याने पहिल्या चौतीस चाली इंग्रजी अंकांतच वाचल्या होत्या, त्यामुळे त्याने आठ वाचला, यात नवल नाही.

पुढे जे झाले ते अधिक शिकवणारे आहे. हत्ती डी८ वर नेल्यावर काळ्याच्या राजाला शह बसतो, आणि पत्रकातले उत्तर आहे एच५. शहात असताना ते प्यादे पुढे ढकलता येत नाही, म्हणून अॅपने चाल नाकारली. राजाला जायला घर एकच होते, जी७, आणि पत्रकाच्या अगदी पुढच्या ओळीवर राजा जी७ हीच चाल लिहिलेली होती. विद्यार्थ्याला वाटले, काकांनी घाईत दोन ओळींची उत्तरे उलटी लिहिली. त्याने ती अदलाबदल केली. अॅपने मुकाट्याने स्वीकारली आणि पुढच्या सगळ्या चाली बिनतक्रार बसल्या. फाइल नियमांच्या दृष्टीने निर्दोष झाली आणि डाव मात्र कधीच न खेळलेला.

अॅप फक्त एवढेच सांगते की चाल नियमात बसते. ती खेळली गेली की नाही, हे त्याला कळण्याचे कारण नाही. फाइल करणाऱ्यांपैकी बहुतेकांचा इथेच गोंधळ होतो, कारण लाल खूण गेली म्हणजे काम झाले असे वाटते. माझ्या मते अॅपने चाल नाकारली की तो क्षण सर्वांत मोलाचा मानावा. चूक तिथे किंवा तिच्या आधी कुठेतरी आहे, आणि ती शोधायला मागे जावे लागते. विद्यार्थी पुढे गेला.

पुरावा

आम्ही डी४ हे वाचन चार बाजूंनी तपासले. पहिली बाजू अक्षराची. सदतिसाव्या ओळीवर काळ्याचा राजा जी८ वर गेल्याची नोंद आहे आणि तिथे दिवाणजींनी देवनागरी आठ काढला आहे, वरून खाली घसरणारा, ज्याची चाराशी गल्लत होणे शक्य नाही. चाळिसाव्या ओळीवर एच४ मधला चार आहे. जी३ वर प्यादे असलेल्या माणसाचे एच२ वरचे प्यादे एका चालीत आठव्या पट्टीत जाणार नाही, म्हणजे तो चारच. एकोणचाळिसाव्या ओळीतला अंक या चारासारखा आहे आणि त्या आठापेक्षा वेगळा आहे. तिन्ही अंक एकाच हाताने काही मिनिटांच्या अंतराने लिहिलेले आहेत. मला स्वतःला एवढेच पुरेसे वाटले.

दुसरी बाजू गृहीतकांची. डी४ मानले तर पत्रक जसे आहे तसे, एकही अक्षर न हलवता, शेवटपर्यंत खेळता येते. डी८ मानले तर दोन ओळींची अदलाबदल आणखी गृहीत धरावी लागते.

तिसरी बाजू खेळाची, आणि ती मुद्दाम तिसरी ठेवली आहे. डी४ वरचा हत्ती चौथ्या पट्टीतून ए४ च्या प्याद्याला आधार देतो; काळ्याने आत्ताच त्यावर मारा धरलेला असल्यामुळे ही चाल स्वाभाविक आहे. शेवटी काळ्याचा राजा ई५ वर येतो तो त्याच हत्तीवर चालून. डी८ चा शहदेखील वाईट नव्हता, कारण त्यानंतर हत्ती ए८ वर नेऊन प्याद्याला मागून आधार देता आला असता. पण शह देऊन मग एच४ खेळणे आणि प्यादे वाऱ्यावर सोडणे याला अर्थ लागत नाही. तरीही खेळाच्या तर्काला पहिली जागा देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. हौशी खेळाडू अर्थ न लागणाऱ्या चाली रोज खेळतात, मास्टरही वेळ संपत आल्यावर खेळतात, आणि 'चांगली चाल ती खरी चाल' असे धरून नोंदी दुरुस्त करू लागलो तर काही वर्षांत सोलापुरात कुणीच कधी चुकले नाही असा संग्रह तयार होईल.

चौथी बाजू मास्टरांची आठवण. सरांनी त्यांना फोन केला. त्यांनी शेवटच्या दहाबारा चाली तिथल्या तिथे सांगितल्या आणि हत्ती डी४ हेच सांगितले. मात्र त्यांनी सांगितलेली एकतिसावी चाल दोन्ही पत्रकांशी जुळत नव्हती. पत्रकांत काळ्याचा हत्ती बी८ वर जातो आणि त्यांच्या आठवणीत सी८ वर. सी८ ही अधिक चांगली चाल होती, हे त्यांनीही हसत मान्य केले. बहुधा डावानंतरच्या विश्लेषणात पाहिलेली चाल त्यांच्या मनात खेळलेल्या चालीच्या जागी बसली असावी. त्यांच्यावरच संशय घेतला गेला असल्याने त्यांची साक्ष एरवीही शेवटी ठेवणे योग्य होते. दिवाणजींना विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "सर, माझा चार असाच असतो की. पार्टीच्या बिलावर कधी कुणी विचारलं नाही."

सुरुवातीच्या भागातही एक अडचण होती, ती लवकर सुटली. आठव्या चालीला दिवाणजींनी नुसते 'घोडा डी२' लिहिले होते. बी१ आणि एफ३ या दोन्ही घरांतले घोडे तिथे जाऊ शकत होते आणि अशा वेळी निघाल्या घराच्या उभ्या ओळीची खूण लिहिणे आवश्यक असते. मास्टरांच्या पत्रकावर ती होती, बी. ती नसती तरी चौदाव्या चालीला एक घोडा एच४ वर जातो, आणि तोवरच्या चालींत तिथे पोहोचू शकणारा घोडा फक्त एफ३ वर थांबलेलाच होता, एवढ्यावर निकाल लागला असता.

दुरुस्त फाइल

पीजीएन ही फाइलची पद्धत स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९३-९४ मध्ये आखली. तिच्या आरंभी स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढरा, काळा आणि निकाल अशा सात नोंदी सक्तीच्या असतात. माहीत नसेल त्या जागी प्रश्नचिन्हे टाकण्याची सोय आहे, आणि ती लाज न बाळगता वापरावी. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा सगळ्या घरांतली मुले खेळतात आणि एकाच आडनावाची रोमन लिपीत तीन तीन रूपे होतात. आम्ही खेळाडूने स्वतः अर्जावर लिहिलेले रूप कायम धरतो, नाहीतर एकाच माणसाचे डाव तीन नावांखाली विखुरतात.

टिपा महिरपी कंसांत जातात आणि चालींपासून वेगळ्या राहतात. एकोणचाळिसाव्या चालीला आम्ही टीप दिली: 'सदतिसाव्या चालीपासून फक्त पांढऱ्याचे पत्रक उपलब्ध. पूर्वी प्रसारित फाइलमध्ये येथे डी८ असे चुकीचे वाचन होते.' एकतिसाव्या चालीला मास्टरांची आठवण टिपेत नोंदवली, चाल पत्रकांप्रमाणेच ठेवली. दोन्ही पत्रकांचे फोटो, सह्या आणि फोन क्रमांक झाकून, फाइलसोबत दिले. फोटो द्यावेत की नाही यावर सरांचे व माझे दुमत झाले. त्यांना तो दिवाणजींच्या अक्षराचा बोभाटा वाटला. दिवाणजींनीच परवानगी दिल्यामुळे प्रश्न मिटला.

डाव कुणाच्या मालकीचा, हा प्रश्नही एका पालकांनी काढला. २०१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कार्लसन आणि कार्याकिन यांच्यातील जगज्जेतेपदाच्या लढतीच्या वेळी आयोजकांनी इतर संकेतस्थळांना चाली लगेच दाखवण्यापासून रोखण्याची मागणी तेथील न्यायालयात केली होती आणि न्यायालयाने तसा तात्पुरता मनाई हुकूम दिला नाही. म्हणून नुसत्या चाली आम्ही कुणाच्या मालकीच्या मानत नाही. सरांच्या टिपा मात्र सरांचेच लेखन आहे आणि त्या त्यांच्या संमतीनेच जातात. अठरा वर्षांखालील मुलांच्या डावांत आम्ही पालकांनी विरोध केल्यास पूर्ण नाव देत नाही. खुला संग्रह लिचेसवर ठेवला आहे. त्या संकेतस्थळावर खेळले जाणारे मानांकित डावही २०१३ पासूनचे, कुणालाही कशासाठीही वापरता येतील अशा मोकळ्या परवान्याखाली उपलब्ध आहेत.

एवढी उठाठेव एका हौशी डावासाठी कशाला, असे वर्गातल्या एका पालकांनी विचारले होते. त्यांना मी कलकत्त्याचे महेशचंद्र बंद्योपाध्याय यांचे उदाहरण दिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ते जॉन कॉक्रेन या बॅरिस्टरांशी खेळत. त्यांचे डाव कॉक्रेन यांच्यामुळे इंग्लंडच्या बुद्धिबळ नियतकालिकांपर्यंत पोहोचले, म्हणून आज आपल्याला माहीत आहेत. अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी १९२२ मध्ये खेळून ज्या बचावाला (काळ्याने डावाच्या सुरुवातीला खेळायच्या चालींची पद्धत) स्वतःचे नाव मिळवून दिले, तो महेशचंद्रांनी १८५५ मध्ये खेळल्याची नोंद आहे. दिवाणजींच्या डावात असे काही नाही, आणि असेल तर ते ठरवणारे आपण नव्हे.

चुकीची फाइल परत घेता आली नाही. ती अजून एकदोन गटांत पडून असेल. दुरुस्त फाइल त्याच गटांत, त्याच विद्यार्थ्याकडून, फोटोंसह पाठवली आणि स्पर्धेच्या नावापुढे 'तपासलेली प्रत' असे जोडले. पुढच्या स्पर्धेपासून पहिल्या पाच पटांवर दोघांपैकी एकाने लिहिणे थांबवले की एक विद्यार्थी शेजारी बसून चाली टिपतो. खेळाडूला बोलायचे नाही, पटाला हात लावायचा नाही, किती चाली झाल्या हे सांगायचे नाही, एवढ्या अटींवर. पत्रके संगणकावर भरण्याचे काम वरच्या प्रतीवरूनच होते, आणि अॅपने चाल नाकारली तर भरणाऱ्याने तिथे थांबून दोन्ही खेळाडूंपैकी जो उपलब्ध असेल त्याला विचारायचे असते. इंजिनाचे आकडे फाइलमध्ये ठेवावेत की काढून टाकावेत, यावर सरांशी माझे अजून एकमत झालेले नाही. सध्या ते काढलेले आहेत.